मागच्या खोलीतली थंड पेटी

रविवार, १५ मे १९९४

आज घरात आलं ते असं. जुना फ्रीज, यंत्र चालू, महाप्याच्या भंगारवाल्याकडून, रु. ६५०. स्टीलची पिंपं दोन, झाकणासकट, रु. ७२०. कूलरचा पंप, रु. ११०. तांब्याची नळी तीस फूट, रु. १२०. बियरच्या रिकाम्या बाटल्या चोवीस, रु. ३६. जवाचं माल्ट दहा किलो, रु. १८०. कडवट वासाची वाळकी फुलं पावशेर, ओळखीत, फुकट. टेम्पो रु. ४०. एकूण रु. १८५६. पाच जणांत प्रत्येकी रु. ३७१ आणि वीस पैसे. वीस पैसे मी कोणाला सोडले नाहीत.

नळीवरून दुकानात वाद झाला. अखंड नळीचे तो तीनशे चाळीस सांगत होता. ह्यांना तीच हवी होती. तिथेच कोपऱ्यात दहा-दहा फुटांचे तीन तुकडे पडलेले मला दिसले. म्हटलं, डाग देऊन जोडता येतात, तर दोनशे वीस रुपये जास्त कशाला मोजायचे? पंढरी भावोजी पाइपफिटरच आहेत, ते फुकट जोडून देतील. ह्यांनी तोंड वाकडं केलं, पण तुकडेच घेतले.

आमच्या घरात बियर होणार, हे माझ्याच हाताने लिहावं लागतंय. मागच्या खोलीतला भाडेकरू गेला तेव्हा महिना चारशेचा नवा माणूस मी बघून ठेवला होता. पण धर्मराज भावोजींनी ह्यांच्या डोक्यात भरवलं. ते कुवेतला आठ वर्षं होते, तिथे दारूला बंदी, म्हणून कामगार खोलीतच गुपचूप बियर लावायचे. लढाई झाली, ते परत आले, आणि ती एक विद्या तेवढी बरोबर आली. इथल्या उन्हात बियर आंबट होते, गारवा पाहिजे, म्हणून हे मध्ये. हे पावण्याच्या केमिकल कारखान्यात थंडाव्याच्या यंत्रावर आहेत, वीस वर्षं.

मी सक्काळी आंघोळ करून एकवीरा आईसमोर रोज एकशे आठ वेळा नाम लिहिते. त्या वहीशेजारी ही वही ठेवायला नको. ही फडताळात.

रविवार, २९ मे

यांची शनिवारची बैठक आता ओटीवरून मागच्या खोलीत गेली. पाच जण. हे, धर्मराज भावोजी, माझे धाकटे दीर धनेश, पंढरी भावोजी, आणि कारखान्याच्या वजनकाट्यावरचे ज्ञानू, ते साताऱ्याकडचे. प्रत्येकाने आपल्या आवडीची एक बाटली आणायची, सगळ्यांनी घोट घोट चाखायची आणि मार्क द्यायचे. मार्क लिहायचं काम माझ्याकडे आलं. अक्षर चांगलं आणि मॅट्रिक पास, हाच माझा गुन्हा. पडद्याच्या अलीकडे बसून लिहिते. रंग, फेस, वास, कडूपणा, गोडी, दहापैकी गुण.

धनेशची कडक, लाल लेबलची. ज्ञानूंनी ग्लासात चिमूटभर मीठ टाकून फेस वर आणला, त्यावर धनेश म्हणाला, मिसळीत घालायचं बियरमध्ये घालतोस का. पंढरी भावोजींनी दमणहून आणलेली काळपट. तिला ह्यांनी आठ दिले, धनेशने तीन. धर्मराज भावोजींची स्वतःची, पेटीशिवाय केलेली, आंबट झाली होती. सगळ्यांनी चार-चार दिले. त्यांना लागलं. म्हणाले, "थांबा जरा, गारवा येऊ दे. मग तुमची दुकानातली पानी वाटंल तुमाला."

मी एकही घोट घेतलेला नाही, घेणार नाही. उठल्यावर हात धुते.

रविवार, १२ जून

पेटी चालू झाली. पिंप फ्रीजमध्ये मावत नाही, म्हणून ह्यांनी कारखान्यासारखीच व्यवस्था केली आहे. फ्रीजमध्ये पाच लिटरचा डबा. डब्यात ग्लायकॉल. हे पाणी नाही, गोठत नाही असं औषधी पाणी, ह्यांनी कॅनमधून आणलं. पंप ते पिंपातल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरवतो आणि ते परत डब्यात येतं. मी विचारलं, बियरमध्ये ते मिसळणार तर नाही? हे हसले. "बंद नळीतून फिरतं गो. बियरला शिवत पन नाय."

पंढरी भावोजींनी जोड दिलेत. चकाकतात.

डब्यावर पेन्सिलने रेघ मारून ठेवली आहे. रोज बघायचं काम माझं.

रविवार, १९ जून

पहिली गार बियर. चार जणांनी सात दिले, धनेशने सहा. धर्मराज भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाले, वहिनी, कुवेतची आठवण आली.

मग शपथ झाली. विनापरवाना दारू करणं म्हणजे दारूबंदीवाले, पोलीस, ह्यांची वीस वर्षांची नोकरी. धर्मराज भावोजींनी देव्हाऱ्यातला आईचा फोटो उचलून मागच्या खोलीत नेला. मला ते आवडलं नाही. सगळ्यांनी फोटोवर हात ठेवला. या खोलीतली गोष्ट उंबऱ्याच्या बाहेर नाही, बायकापोरांना नाही, डॉक्टरला नाही, भावाला नाही. मी बाजूला होते. धर्मराज भावोजी म्हणाले, वही हिच्याकडे हाय, पहिला हात हिचा पायजे. ठेवला.

फोटो परत आणून धुतला. मन धुतलं गेलं नाही.

रविवार, ३ जुलै

डबा दोन बोटं खाली. ह्यांना दाखवलं. उडून जातं म्हणाले आणि कॅनमधून भर घातली. भरताना थोडं जमिनीवर सांडलं. मी पोतेरं आणायच्या आत गल्लीतली लाल कुत्री येऊन चाटून गेली. हाकललं तरी जाईना, जिभल्या चाटत उभी.

बियरला आठ. ज्ञानू म्हणाले, यावेळी गोडी उतरली आहे. धर्मराज भावोजी म्हणाले, माल्ट मुरलं. मी गोडीच्या रकान्यात लिहिलं, उसाच्या रसाच्या तळाशी असते तशी.

बुधवार, ६ जुलै

लाल कुत्री गेली. दोन दिवस दारू प्यायल्यासारखी झुलत होती, मग ओकली, मग उठलीच नाही. सरपंचांनी भटक्या कुत्र्यांसाठी विषाच्या गोळ्या टाकल्या असतील. पिल्लं शेजारच्या अंगणात ओरडतात. त्यांना भाकरी घातली.

रविवार, १७ जुलै

काल मार्क लिहिताना माझं पेन आटलं आणि हाताला येईल ते पेन घेतलं. ते नामाच्या वहीचं होतं. बियरचं नाव त्या पेनाने लिहिलं गेलं. आज आईपुढे नाक घासलं. पेन दुधाने धुतलं तरी शाई तीच आहे.

डबा तीन बोटं खाली. भर घातली.

बुधवार, २७ जुलै

ह्यांचे डोळे सकाळी सुजलेले असतात. कंबरेच्या वर, पाठीत दुखतं. लघवी कमी. उष्णता झाली असेल म्हणून धणे-जिऱ्याचं पाणी देते. धर्मराज भावोजींचंही तसंच, त्यांची बायको दुर्गाबाई विहिरीवर सांगत होती, जोडा पायात जात नाही. मी काय बोलणार. दोघींनी मिळून एकवीरेला नारळ बोलला.

मला वाटतं ते पेन. आईला चालत नाही म्हटल्यावर चालत नाही.

सोमवार, ८ ऑगस्ट

काल गटारी. शनिवारची बैठक रविवारी केली, कारण आजपासून श्रावण, महिनाभर मटण-मासे बंद आणि दारूही बंद. त्यामुळे काल कोणी हात आखडला नाही. चोवीसच्या चोवीस बाटल्या संपल्या. मार्क नऊ, नऊ, नऊ, साडेआठ. धनेशने सहाच दिले. त्याला गोड चालत नाही, त्याने आपली लाल लेबलचीच प्यायली. धर्मराज भावोजी त्याला म्हणाले, तुझी जीभ भंगारात घाल, किलोचे दोन रुपये येतील.

आज सकाळी ह्यांना ओकाऱ्या. धर्मराज भावोजींना दुपारपर्यंत उठवत नव्हतं. पंढरी भावोजी आणि ज्ञानू कामावर गेले, पण ज्ञानूंनी आकडे चुकवले असं कळलं. जास्त प्यायले, दुसरं काय.

पेटी बंद केली. श्रावणात वीज तरी वाचेल.

सोमवार, २२ ऑगस्ट

तिसरा श्रावणी सोमवार. शिवामूठ वाहिली. ह्यांची सूज पूर्ण उतरली. पाठ दुखत नाही. जेवतात, रात्री झोपतात. धर्मराज भावोजींचेही जोडे पायात जायला लागले. दुर्गाबाईने मला पेढा दिला.

श्रावण पाळला त्याचं फळ, दुसरं काही नाही. आईने पेनाची चूक पदरात घेतली. नाम एकशे आठऐवजी दोनशे सोळा लिहायला लागले आहे.

डबा मात्र पंधरा दिवस रेघेवरच आहे. हे म्हणतात, यंत्र बंद, म्हणून उडत नाही.

गुरुवार, २५ ऑगस्ट

गौरीसाठी पिंप लावलं. मी नको म्हटलं. श्रावण अजून चालू आहे. हे म्हणाले, लावायला काय हरकत, प्यायची गौरीला. आमच्यात गौरीला तिखटाचा निवेद असतो, मटण, कोंबडी, आणि पुरुष बसतातच. पंप चालू झाला. रात्रंदिवस घुर्र करतो. नाम लिहिताना ऐकू येतं.

मंगळवार, १३ सप्टेंबर

काल गौरी जेवल्या. चोवीस बाटल्यांपैकी चौदा काल फुटल्या. मार्क दहा, दहा, नऊ, दहा. धनेशने याही वेळी आपली लाल लेबलचीच प्यायली. असे मार्क आजवर कोणालाच पडले नव्हते. धर्मराज भावोजी म्हणाले, आता मना कुवेतला कोनी बोलावला तरी जानार नाय, खल्ली वल्ली, म्हणजे तिकडच्या बोलीत, गेलं उडत. गोडीच्या रकान्यात त्यांनी मला काकवीसारखी असं लिहायला लावलं.

पंढरी भावोजी उद्या ओरिसाला निघतात. धरणाच्या कामावर पाइपलाइनचं सहा महिन्यांचं कंत्राट मिळालं आहे. त्यांना आठ बाटल्या बांधून दिल्या, चादरीत गुंडाळून ट्रंकेत. तिथल्या गड्यांना आपली बियर चाखवतो म्हणाले, मार्क पत्राने पाठवतो, वहिनी, तुमी वहीत लिहून घ्या. दोन बाटल्या कपाटात.

पाच लिटरचा कॅन गेल्या तीन आठवड्यांत रिकामा झाला. असं आधी कधीच झालं नव्हतं.

सोमवार, १९ सप्टेंबर

ह्यांचं पुन्हा सुजलं. या वेळी हातही. शुक्रवारपासून लघवी जवळजवळ नाही. धर्मराज भावोजींना काल बोलताना शब्द सापडेनात. दुर्गाबाई म्हणाली, मुलाला बापाच्या नावाने हाक मारली. आज त्यांना टॅक्सीने मोठ्या इस्पितळात नेलं.

श्रावण पाळला होता ना, आई? सगळा पाळला होता.

शनिवार, २४ सप्टेंबर

धर्मराज भावोजी गेले. सकाळी साडेनऊ.

सगळीकडे सुरतेच्या प्लेगच्या गोष्टी. इस्पितळात फडकी तोंडाला बांधून माणसं रांगेत, कॅप्सूल मिळत नाहीत म्हणून भांडणं. त्यात धर्मराज भावोजींना ताप नव्हता, गाठ नव्हती, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी वळून बघितलं नाही असं दुर्गाबाई म्हणते. कागदावर मूत्रपिंड निकामी असं आहे. दुर्गाबाईने मला मिठी मारून विचारलं, काय गो खाल्लं यांनी? मी म्हणाले, मला माहीत नाही.

संध्याकाळी ह्यांना दाखल केलं. तेच इस्पितळ, खालचा मजला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, दारू घेतात का, गावठी वगैरे? माझा हात जणू फोटोवरच होता. म्हणाले, नाही, आमचं घर देवाधर्माचं आहे.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी त्यांच्या पेनाकडे बघत होते.

सोमवार, २६ सप्टेंबर

ह्यांना एका यंत्राला जोडून रक्त धुतलं. ज्ञानूही दाखल झाले, पलीकडच्या वॉर्डात. धनेश धडधाकट आहे. तो म्हणतो गावावर कोणाची तरी नजर आहे. मला आधी वाटलं ते पेन, मग वाटलं शपथ. पण शपथ तर कोणी मोडलेली नाही.

मोडली नाही म्हणून तरी आई का कोपेल?

यंत्राच्या एका वेळचे सातशे. ह्यांचा पगार अठ्ठावीसशे. पेटी विकून टाकायची, धनेशला सांगितलं.

बुधवार, २८ सप्टेंबर

नदीमभाई आले होते. महाप्याच्या नाक्यावर त्यांचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे, मूळ म्हसळ्याकडचे, दारूला शिवत नाहीत. पेटी बघून किंमत सांगा म्हटलं. शपथ आठवली, पण खोलीचं दार मीच उघडलं. पिंप रिकामं होतं, त्यांना धंदा कळला असेल.

फ्रीज चालवून बघितला. डबा बघितला. विचारलं, यात काय भरता. मी सांगितलं ग्लायकॉल, पण फार लागतं, सारखं उडून जातं.

ते म्हणाले, "भाभी, पानी उडतं. हे उडत नाय. माझ्या दुकानात उघडा डबा सहा महिने पडलाय, तसाच हाय."

"मग जातं कुठे?"

त्यांनी जमिनीवर हात फिरवला. कोरडी. फ्रीजमागे, पंपाखाली, सगळीकडे कोरडी. मग पिंपातलं वेटोळं उचलून बाहेर काढलं, एक टोक बोळ्याने बंद केलं, दुसऱ्याला सायकलचा पंप लावला आणि मला बादली भरायला सांगितली. पंक्चर बघतात तसं वेटोळं पाण्यात धरलं. पहिल्या जोडापाशी काही नाही. दुसऱ्या जोडापाशी बुडबुड्यांची बारीक माळ वर यायला लागली. थांबेना.

म्हणाले, बाहेर ओल नाय म्हंजे सगळं आत गेलं. आणि मग हळू आवाजात, "हे प्यायले कोन?"

मी फडताळातून वही काढून दिली. त्यांनी मार्क वाचले. मी डब्याची बोटं वाचली. तारखा एकमेकींसमोर ठेवल्या. डबा जितका खाली, गोडी तितकी वर. श्रावणात पंप बंद, डबा रेघेवर, सूज नाही. सगळं माझ्याच अक्षरात होतं. मी चार महिने लिहिलं आणि एकदाही वाचलं नाही.

नळी तीन तुकड्यांची होती. तुकडे मी घेतले होते.

नदीमभाईंनी पैशाचं काही विचारलं नाही. म्हणाले, बसा मागं, स्कूटर हाय. मी कपाटातली एक बाटली आणि वही पदराखाली घेऊन गेले.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. फोटो, शपथ, मागची खोली, पोलीस आले तरी येऊ देत. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. लघवीत काचेच्या कणांसारखे खडे दिसले होते, त्यांचा अर्थ आज लागला म्हणाले. असं कळलं की या विषाला दारूच थोपवून धरते. बियरमधल्या दारूनेच ते इतके दिवस लांबवलं, प्यायचं थांबलं की ते कामाला लागायचं. औषध म्हणून ते आता ज्ञानूंना थेंब-थेंब दारूच देणार आहेत. ह्यांची ती वेळ गेली. ह्यांना यंत्रच.

मी विचारलं, शनिवारी मी खरं बोलले असते तर? ते म्हणाले, बाई, आता पुढचं बघू.

गुरुवार, २९ सप्टेंबर

दुर्गाबाईकडे जाऊन सांगितलं. तिने मला मारलं नाही. दार लावून घेतलं.

आईपुढे बसले. शपथ मोडली, त्याची शिक्षा मला दे, त्यांना नको, असं म्हणाले. नाम लिहायला पेन उचलवेना. आणि तेव्हाच आठवलं. चोवीस बाटल्या. चौदा गौरीला. एक इस्पितळात, एक कपाटात, ती कपाटातली मोरीत ओतून काचही फोडली. राहिल्या आठ.

ओरिसा.

आमच्या सोनलला, दहावीत आहे, तार करायला पाठवलं. पत्ता पंढरी भावोजींनी वहीच्या पाठीमागे लिहून ठेवला होता, धरणाच्या साइट ऑफिसचा. बियर पिऊ नका विष आहे, असं इंग्रजीत लिहून दिलं. सोनलने शब्द कमी करू का विचारलं. नको म्हटलं. पहिल्यांदाच.

शनिवार, १ ऑक्टोबर

ह्यांना काल वाटीभर लघवी झाली. नर्सने अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं. हे माझ्याकडे बघून म्हणाले, हिशोबात लिही. बोलले ते एवढंच, पण बोलले. ज्ञानू बरे आहेत, पोलीस अजून आले नाहीत, धनेश त्यांचीच वाट बघत ओटीवर बसून असतो.

तारेचं उत्तर नाही.

टपालात पंढरी भावोजींचं आंतरदेशीय आलं. एकवीस तारखेला लिहिलेलं, दहा दिवस वाटेत. लिहितात, काम अवघड, जंगल, टपाल आठवड्यातून दोनदा जीपने येतं, फोन तालुक्याला तीस मैलांवर. पाय जरा सुजलेत, प्रवासाने असेल. दोन बाटल्या फोडल्या, खोलीतल्या तिघांना दिल्या, त्यांनी अशी बियर जन्मात चाखली नव्हती. वहिनी, लिहून ठेवा, दहापैकी दहा. उरलेल्या सहा दसऱ्याला, सगळी गँग एकत्र बसणार आहे.

दसरा चौदा तारखेला.

दुसरी तार केली. तारबाबू म्हणाला, तिकडची लाइन पावसाने पडली असेल तर तार टपालानेच जाते.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

उद्या घट बसतील. काल दिवसभर इस्पितळात, ह्यांचं तिसऱ्यांदा रक्त धुतलं. आज रजिस्टरने दोन पत्रं टाकली, एक साइट ऑफिसच्या साहेबांच्या नावाने इंग्रजीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि एक हे. काय कळवलं हे उद्या कोणी विचारलं तर हाताशी असावं, म्हणून इथे उतरवून ठेवते.

पंढरी भावोजींस,

मायना लिहीत बसत नाही. हे पत्र हातात पडेल तेव्हा ज्या सहा बाटल्या उरल्या आहेत त्या जमिनीत ओता. कुत्र्या-मांजराला चाटू देऊ नका, वर माती लोटा. बाटल्या फोडा, पाण्याला वापरू नका. नळीचा दुसरा जोड गळत होता आणि ग्लायकॉल बियरमध्ये उतरत होतं. गोडी आली ती त्याची. ते विष आहे. धर्मराज भावोजी चोवीस सप्टेंबरला गेले. हे इस्पितळात आहेत, ज्ञानू आहेत. खोटं वाटेल म्हणून डॉक्टरांच्या सहीचा कागद सोबत घातला आहे.

जोड तुम्ही दिलेत, तुकडे मी घ्यायला लावले. दोष नंतर वाटून घेऊ, आधी जीव सांभाळा.

पाय प्रवासाने सुजलेले नाहीत. तुम्ही आणि ज्या तिघांनी घेतली ते, सगळ्यांनी बरं वाटत असलं तरी मोठ्या इस्पितळात जा. जीप नसेल तर ट्रक थांबवा. तिथे पोचताच ग्लायकॉल हा शब्द सांगा. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खिशात ठेवा, बोलता आलं नाही तरी कोणी वाचेल. दारू प्यायलो असं सांगायला लाजू नका. शपथ मी मोडली आहे, आईला काय ते उत्तर मी देईन. तुम्ही तिला घाबरून गप्प राहू नका. मी राहिले होते.

त्या तिघांची नावं मला कळवा. माझ्या नामाच्या वहीत तुमच्याबरोबर त्यांचीही घ्यायची आहेत, नावं माहीत नसताना कशी घेऊ? तुमच्या घरच्यांना अजून काही बोलले नाही, तुमचं पत्र येईपर्यंत बोलणार नाही.

सोबत जोडकार्ड आहे. अर्ध्या कार्डावर आमचा तळवलीचा पत्ता घालून ठेवलाय, तिकिटाचा खर्च नाही. बाटल्या ओतल्या का, दोन ओळी लिहा. तुम्हाला लिहवत नसेल तर त्या तिघांपैकी कोणीही लिहावं, हिंदीत लिहिलं तरी सोनल वाचते. पण जीप ज्या दिवशी येईल त्याच दिवशी कार्ड तिच्यात टाका, आणि उलट टपाली कळवा.

जयमाला